इनस्क्रिप्ट कीबोर्डवरची मराठी शब्दकोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीबोर्डच्या मांडणीवर आधारलेली मराठी कोडी सोडवणारे आणि रचणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम आहे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कीबोर्डवरचं शब्दकोडं म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या शब्दकोड्यात अर्थावरून शब्द शोधायचा असतो. इथे अर्थासोबत आणखी एक खूण मिळते, ती म्हणजे शब्द टाइप करताना बोटं कुठे कुठे जातात. कोडं रचणारा कधी कळांच्या ओळी सांगतो, कधी कुठला हात ते सांगतो, तर कधी प्रत्येक अक्षराऐवजी शेजारच्या कळीवरचं अक्षर देतो.

‘मराठी’ हाच शब्द घ्या (कुठलं अक्षर कुठे, ते प्रश्न ३ मध्ये आहे). वरच्या ओळीला १, मधलीला २ आणि खालचीला ३ म्हटलं, तर म (३), र (२), ा (१), ठ (२), ी (१) अशी खूण मिळते: ३-२-१-२-१. हातांच्या भाषेत हाच शब्द डा-उ-डा-उ-डा असा आहे, म्हणजे डावा आणि उजवा हात आळीपाळीने चालतात.

२. कोणता कीबोर्ड धरायचा? मी तर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करते.

या पानावरचं सगळं इनस्क्रिप्टवर आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी ठरवली, १९८८ मध्ये ती सुधारली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. संगणकात मराठी भाषा जोडली की ती सहसा आयती मिळते.

इंग्रजी अक्षरांतून लिहिताना तुमची बोटं फिरतात ती इंग्रजी कळांवर. ती मांडणी १८७४ च्या टंकयंत्राबरोबर बाजारात आली आणि तिच्यात मराठी वर्णमालेचा विचार असण्याचं कारणच नव्हतं. शिवाय त्या पद्धतीत एकच शब्द दोघं जण दोन तऱ्हेने लिहितात: ‘दीड’ मधल्या दीर्घ ईकारासाठी कुणी इंग्रजी आय दोनदा दाबतो, कुणी ई दोनदा. कोड्याला एकच उत्तर हवं असतं, म्हणून मांडणी ठरलेली हवी. कोड्याच्या डोक्यावर ‘इनस्क्रिप्ट’ असं लिहायला विसरू नका.

३. माझ्या कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली नाहीत. कुठलं अक्षर कुठे, हे लक्षात कसं ठेवू?

पाठ करावं लागत नाही, कारण वर्णमालाच तिथे मांडलेली आहे. डावीकडून उजवीकडे ओळी अशा आहेत:

वरची: ौ ै ा ी ू, मग ब ह ग द ज ड (पुढे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, आणि ॉ)
मधली: ो े ् ि ु, मग प र क त च ट
खालची: ॆ ं म न व, मग ल स, स्वल्पविराम, पूर्णविराम, य

शिफ्ट धरली की याच कळांवर:

वरची: औ ऐ आ ई ऊ, मग भ ङ घ ध झ ढ ञ ऑ
मधली: ओ ए अ इ उ, मग फ ऱ ख थ छ ठ
खालची: ऎ ँ ण ऩ ऴ, मग ळ श ष, दंड, य़

आता नीट पाहा. वरच्या ओळीतल्या ी च्या खाली ि आहे, ू च्या खाली ु, ौ च्या खाली ो, ै च्या खाली े, आणि आ च्या खाली अ. उजव्या बाजूला ग च्या खाली क, द च्या खाली त, ज च्या खाली च, ड च्या खाली ट, ब च्या खाली प. क ख ग घ हे चारही वर-खालच्या दोन कळांवर, एकाच बोटाच्या टापूत. शाळेत म्हटलेली वर्णमाला ज्याला येते, त्याला अर्धा कीबोर्ड आधीच येत असतो. मला ही मांडणी फार आवडते ती यासाठीच, आणि मराठी कोडी हिच्यावरच रचावीत असं सांगण्याचं कारणही हेच.

ॆ, ऩ, ऴ या कळा मराठीत लागत नाहीत. इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच आहे आणि त्या जागा दक्षिणेकडच्या भाषांसाठी आहेत. त्यामुळे तुमच्या गुजराती किंवा कन्नड मित्राच्या संगणकावरही ‘क’ त्याच कळीवर, त्याच्या लिपीत उमटतो.

४. शिफ्ट धरून येणारं अक्षर म्हणजे वेगळी कळ धरायची का?

ओळ आणि हात यांच्या कोड्यांत नाही. ‘ख’ ची कळ ‘क’ चीच, फक्त शिफ्टसह. शिफ्टचा हात मोजायचा नाही, नाहीतर प्रत्येक महाप्राण अक्षराला दोन्ही हात लागतील आणि खुणेला अर्थ राहणार नाही. शिफ्ट वर्ज्य असलेली कोडीही रचता येतात, पण तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

५. एका शब्दाच्या कळा मोजायच्या कशा? जोडाक्षर एक धरायचं की तीन?

कळा मोजा, अक्षरं नाहीत. ‘पत्र’ दिसायला दोन अक्षरांचा, पण कळा चार: प, त, ्, र. अनुस्वार मात्रेनंतर येतो, म्हणून ‘शांत’ म्हणजे श, ा, ं, त. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण दाबायची असते नंतर: ‘चिकट’ म्हणजे च, ि, क, ट.

घोळ होतो तो अंकांच्या ओळीमुळे. तिथे शिफ्टसह ३ वर ्र, ४ वर र्, ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष आणि ८ वर श्र अशी तयार अक्षरं आहेत. म्हणून ‘स्त्री’ हा एकच शब्द सुटा लिहिला तर सहा कळांचा (स, ्, त, ्, र, ी), तयार ्र वापरला तर पाच कळांचा आणि तयार त्र वापरला तर चार कळांचा होतो.

इथला नियम: तयार जोडाक्षरांच्या कळा वापरायच्या नाहीत, सगळं पाय मोडून लिहायचं. अंकांच्या ओळीतली एकच कळ चालते, बरोबरच्या चिन्हाची, कारण ृ तिथेच आहे. तिची ओळ ० धरा.

६. एकाच ओळीत बसणारे शब्द मराठीत आहेत का?

भरपूर, आणि नवख्याने इथूनच सुरुवात करावी. इंग्रजीत टाइपरायटर हा शब्द त्या कीबोर्डच्या वरच्या ओळीत पुरा होतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आपल्याकडे तर निम्मं घर वरच्या ओळीत राहतं: आई, बाबा, दादा, आजी, भाऊ. ‘आजोबा’ मात्र निसटतात, त्यांचा ो मधल्या ओळीत पडतो. काका, मामा आणि ताईही बाहेर. याशिवाय गाडी, जहाज, दगड, जादू, झाड, हौद, गडबड, आघाडी ही सगळी वरच्या ओळीतली.

मधल्या ओळीत ा नाही, ी नाही, ू नाही. त्यामुळे तिथले शब्द आखूड मात्रांचे असतात: पोपट, चतुर, चिकट, ओठ, अर्थ, खटपट, रोपटे, अतिरेक. माझा सर्वांत आवडता ‘चित्रपट’, सात कळा आणि एकदाही ओळ सोडावी लागत नाही.

खालच्या ओळीत अनुस्वार सोडून मराठीत लागणारी एकही मात्रा नाही. तरी सवय, नवल, नयन, मलमल, वळण, संयम, संशय हे शब्द तिथे मिळतात. ही ओळ रचणाऱ्याचा खरा कस पाहते.

७. हातांची (डा-उ) कोडी सोडवताना सुरुवात कुठून करावी?

मात्रा आणि स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, हा मूळ नियम. अपवाद म, न, व (आणि शिफ्टसह ण), ही व्यंजनं डाव्या हाताला आहेत. यावरून बरंच काही निघतं.

खुणेत ‘उ’ दिसला की ते व्यंजन (फक्त ृ-ऋ ची कळ उजवीकडे असून व्यंजनाची नाही; ॉ-ऑ चे शब्द टाळतो, ते का हे प्रश्न १६ मध्ये आहे). शब्दाची सुरुवात ‘डा’ ने असेल तर पहिलं अक्षर स्वर तरी असतं, नाहीतर म, न, व यांपैकी एक. मराठी शब्द ण ने सुरू होत नाही. लागोपाठ दोन ‘उ’ आले तर पहिल्या व्यंजनाला काहीही लागलेलं नाही, म्हणजे मात्रा नाही, अनुस्वार नाही आणि पायही मोडलेला नाही (अर्थात दुसरा ‘उ’ ृ चा नसेल तर).

फक्त डाव्या हाताचे शब्द याच तीन व्यंजनांवर उभे राहतात: मामा, मामी, नाना, मानव, वामन, ओवी, मौन, अनुमान, वनमानव. फक्त उजव्या हाताचे शब्द बिनमात्रेचे: कसरत, सरबत, पदर, लगबग, कटकट. ृ ची कळ उजवीकडे असल्यामुळे गृह, हृदय आणि सहृदय हेही एकट्या उजव्या हाताने लिहून होतात.

खालच्या ओळीतल्या ‘व’ बद्दल वाद निघतो, कारण काही जण ती कळ उजव्या बोटाने मारतात. टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवतात तसा तो डाव्या हाताचाच धरावा.

८. ओळ आणि हात दोन्ही दिले असतील तर? एक कोडं सोडवून दाखवा.

खूण: १-१-२-२-१, उ-डा-उ-उ-डा. अर्थ: हातावर थापतात, तव्यावर फुगते.

पहिली कळ वरच्या ओळीत उजवीकडे, म्हणून ब, भ, ह, ग, घ, द, ध, ज, झ, ड, ढ यांपैकी एक. दुसरी वरच्या ओळीत डावीकडे, म्हणजे ौ, ै, ा, ी, ू. तिसरी आणि चौथी मधल्या ओळीत उजवीकडे: प, र, क, त, च, ट आणि त्यांची शिफ्टची अक्षरं. दोन ‘उ’ लागोपाठ असल्यामुळे तिसरं अक्षर बिनमात्रेचं. पाचवी पुन्हा दीर्घ मात्रा, आणि शब्दाच्या शेवटी ती बहुधा ी किंवा ा.

आता साचा असा दिसतो: व्यंजन + ा + व्यंजन + व्यंजन + ी. यात ‘भाकरी’ बसते. पण ‘धाकटी’ही बसते आणि ‘घातकी’सुद्धा. कळांच्या खुणेने तिन्ही बरोबर आहेत, निकाल लावतो तो अर्थ. बरेच वाचक खूण जुळली की थांबतात आणि ‘धाकटी’ लिहून मोकळे होतात. खूण जुळल्यावर अर्थाकडे परत या.

९. ‘शिफ्टजोडी’ म्हणजे काय?

शिफ्ट विसरलं तर एकाच कळांनी लिहिले जाणारे शब्द. वेल आणि वेळ, काल आणि काळ, दार आणि धार, सर आणि शर, बात आणि भात. ल-ळ, स-श आणि वर्गातली सगळी अल्पप्राण-महाप्राण जोडपी एकेका कळीवर असल्यामुळे अशा जोड्या मराठीत विपुल आहेत. तीन-तीन शब्दही मिळतात: ताट, ताठ, थाट. किंवा काट, खाट, काठ.

कोडं असं द्यायचं: ‘त्याच तीन कळा: एकात जेवतो, एक वाकत नाही, एक श्रीमंतांचा.’ म आणि ण एका कळीवर आहेत हे लोक हमखास विसरतात, म्हणून ती जोडी अवघड कोड्यांसाठी राखून ठेवा.

१०. शेजारच्या कळीवर सरकणारी कोडी कशी रचतात?

प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या उजवीकडच्या कळीवरचं अक्षर घ्यायचं. ‘चोर’ मधला च सरकून ट होतो, ो चा े होतो, र चा क होतो, आणि हाती येतो ‘टेक’. नुसती सांकेतिक लिपी तयार करायची तर कुठलाही शब्द चालतो, पण कोड्याची खरी गोडी दोन्ही टोकांना अर्थपूर्ण शब्द असण्यात आहे.

साखळ्या शोधायला बसलात तर वेळेचं भान राहत नाही. मधल्या ओळीत तप → चर → टक. वरच्या ओळीत बद → हज → गड. खालच्या ओळीतली चार शब्दांची: नम → वन → लव → सल. मन → नव आणि मल → नस याही तिथल्याच.

दोन पथ्यं पाळा. ओळीच्या टोकाची अक्षरं टाळा: ट च्या उजवीकडे एंटर आहे आणि स च्या उजवीकडे स्वल्पविराम. आणि े, ू, ु यांना सरकवू नका, कारण े चा ् होतो आणि ू, ु यांची व्यंजनं होतात.

उजवीकडे सरकण्याऐवजी एक ओळ खालीही उतरता येतं. गड → कट, गज → कच, दब → तप, बूड → पुट. ह च्या खाली र आहे, म्हणून हद → रत. इथे मृदू व्यंजन कठोर होतं आणि दीर्घ मात्रा ऱ्हस्व, तेव्हा व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकांना हा प्रकार वर्गात वापरण्यासारखा आहे.

११. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक कसा करायचा?

समुद्र तो दर्या: द, र, ्, य, ा. डोंगरातल्या त्या दऱ्या: द, ऱ, ्, य, ा. ऱ ही र चीच शिफ्टची जागा, म्हणजे ओळीही त्याच, हातही तेच, खूण दोघांचीही १-२-२-३-१. ही अस्सल मराठी शिफ्टजोडी आहे, कारण हा आडवा र मराठीत रोज लागतो.

लक्षात ठेवा, ‘वाऱ्यावर’ किंवा ‘पायऱ्या’ मध्ये साधा र टाइप केला तर डोक्यावर रफार येतो आणि शब्द चुकतो. तयार र् ची कळ (शिफ्टसह ४) इथे वापरू नका, कारण प्रश्न ५ मध्ये दिलं आहे.

१२. ‘गुरु’ की ‘गुरू’? शुद्धलेखनावरून उत्तर बदलतं, मग खरं कोणतं?

बदलतंच, कारण ऱ्हस्व मात्रा मधल्या ओळीत आहेत आणि दीर्घ वरच्या. ‘गुरू’ १-२-२-१ आणि ‘गुरु’ १-२-२-२. १९६२ पासून शासनमान्य असलेल्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे: कवी, गुरू, मती. समासात पहिलं पद असेल तर मूळ ऱ्हस्व राहतो: कविराज, गुरुवार. कोडी याच नियमांनी रचावीत. जुनी पुस्तकं वाचत मोठे झालेले वाचक ‘कवि’ लिहितात, त्यांना नियम आधी सांगणं हा साधा न्याय आहे.

बोलीतला अनुस्वारही इथेच येतो. ‘रोपटे’ मधल्या ओळीत पुरं होतं, ‘रोपटं’ नाही, कारण ं खालच्या ओळीत आहे. कोड्यात लेखी रूप धरा.

१३. स्वतः कोडं रचायचं आहे. चांगल्या कोड्याची कसोटी काय?

शब्दापासून सुरुवात करा, खुणेपासून नाही. शब्द निवडा, कळा सुट्या लिहा, त्यांच्या ओळी आणि हात मांडा. मग स्वतःच्या शब्दाचे प्रतिस्पर्धी शोधा. या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

तीन कळांचे शब्द बहुतेक फसतात. १-१-१, उ-डा-उ एवढंच दिलं तर बाग, भाग, हाड, झाड, बीज, जीभ, ढीग, हौद असे कितीतरी बसतात, आणि मग कोडं कीबोर्डचं न राहता नुसत्या अर्थाचं होतं. पाच ते सात कळांमध्ये खूण आणि अर्थ दोघांनाही काम उरतं. जोडाक्षर असलेला शब्द प्रतिस्पर्धी झटकन कमी करतो.

अर्थाची ओळ लिहिताना उत्तराचाच धातू वापरू नका, आणि कोडं दुसऱ्या कुणाकडून सोडवून घेतल्याशिवाय छापू नका. रचणाऱ्याला स्वतःचा शब्द इतका ठसठशीत दिसत असतो की बाकीचे दिसतच नाहीत.

१४. मी रेमिंग्टनवर टायपिंग शिकलो. ही कोडी मला जमतील का?

हीच कोडी नाही, पण रेमिंग्टनची वेगळी जमतील. टंकयंत्रावरच्या त्या मांडणीत पुष्कळ अर्धी अक्षरं स्वतंत्र कळांवर असतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते, त्यामुळे ‘चिकट’ ची सुरुवात ि ने होते. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेल्यांच्या बोटांत ती मांडणी इतकी मुरलेली असते की अशा मंडळींनी तिच्यावर कोडी रचावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. फक्त दोन मांडण्या एका कोड्यात मिसळू नयेत.

१५. मोबाइलवर सोडवता येतात का?

मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर अक्षरं बहुधा वर्णमालेच्या क्रमाने असतात, त्यामुळे तिथल्या ओळी धरून उत्तर येणार नाही. प्रश्न ३ मधल्या सहा ओळी कागदावर उतरवून घ्या आणि त्यावरून सोडवा. संगणक लागत नाही.

१६. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ चे शब्द का टाळता?

मूळ मांडणीत ऍ आहे, मराठीत चालणारा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि तो कुठे मिळेल हे प्रत्येक संगणकावर वेगळं असतं. ॉ-ऑ ची कळ तर निरनिराळ्या कीबोर्डवर चक्क वेगळ्या जागी बसवलेली असते. ‘बॅट’ किंवा ‘ऑफिस’ शब्द म्हणून चांगले आहेत, पण त्यांची खूण सर्वांसाठी सारखी राहत नाही.

१७. सरावासाठी थोडी कोडी आणि उत्तरं द्याल का? उत्तरं छापायची कशी?

क) ३-२-३-१-३, सगळ्या कळा डाव्या हाताच्या. जमीन सोडतं.
ख) सगळ्या कळा वरच्या ओळीत, डा-उ-डा-उ-डा. निवडणुकीआधी जुळते.
ग) ‘रोप’ एक कळ उजवीकडे सरकवा. घरातून काय काढाल?

उत्तर छापताना शब्दाबरोबर त्याच्या कळाही छापाव्यात, म्हणजे चुकलेल्याला कुठे चुकलं ते कळतं. क) विमान: व, ि, म, ा, न. इथे ‘मुनीम’ कळांना तंतोतंत बसतो, अर्थाला बसत नाही. ख) आघाडी: आ, घ, ा, ड, ी. ‘आबादी’ही त्याच साच्याची. ग) केर: र चा क, ो चा े, प चा र. वाचकाने पाठवलेला वेगळा शब्द खूण आणि अर्थ दोन्हींना बसत असेल, तर तोही बरोबर धरावा आणि पुढच्या वेळी उत्तरांत छापावा.